घाटाचा राजा बघायचा तर कुठे उभं राहावं?

प्रश्न : मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला डोंबिवलीहून चौघं जायचं म्हणतोय. सत्तरीचे सासरे आणि आठ वर्षांची मुलगी सोबत आहे. पुण्यात शेवटच्या रेषेपाशी थांबावं की बोरघाटात?

उत्तर : घाटातच. सपाटीवर घोळका ताशी 40 किलोमीटरने जातो, म्हणजे सेकंदाला 11 मीटर. पन्नास मीटर लांब घोळका पाच सेकंदांत पुढे गेलेला असतो, मुलगी "कुठे, कुठे?" विचारेपर्यंत संपलं. पुढच्याच्या मागे राहिलं की वारा कमी लागतो, म्हणून सपाटीवर सगळे एकमेकांना चिकटून असतात. चढावर वेग निम्म्यावर येतो, त्या आडोशाचा फारसा उपयोग उरत नाही आणि घोळका फुटतो. मग एकेक जण चेहऱ्यासकट दिसतो. घाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला मिळणारा 'घाटाचा राजा' हा किताबही इथल्याच चढावर ठरतो.

खोपोली लोकल पकडा आणि स्टेशनवरून रिक्षाने घाटातल्या शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडच्या वळणांपर्यंत जा. स्पर्धक येण्याआधी घाटातली वाहतूक थांबवतात, म्हणून निदान दोन तास हाताशी ठेवा. वेळेचा अंदाज सोपा आहे : सुरुवातीपासून पायथा 70 किलोमीटर असेल, तर ताशी 38 च्या वेगाने पहिले स्पर्धक सुमारे एक तास पन्नास मिनिटांत खोपोलीत येतील. सुरुवातीची जागा बदलू शकते, तेव्हा त्या वर्षी जाहीर झालेला मार्ग बघूनच हिशेब मांडा.

वळणाच्या टोकावर उभे राहू नका. टोक ओलांडून वीस-पंचवीस पावलं वर, डोंगराच्या बाजूला, गटाराच्या पलीकडे थांबा. खालून येणारा आधीच दिसतो. वळणाच्या आतल्या कडेला चढ सगळ्यांत उभा असतो, म्हणून मुरलेले स्पर्धक बाहेरून मोठं वळण घेतात. नवखा आतून घुसतो, जड गिअरवर अडकतो आणि पूर्ण जोर लावलेला असतानाच गिअर बदलतो. साखळी कडकडते, कधी उतरतेही. बघण्यासारखं असतं ते हेच.

सासऱ्यांसाठी घडीची खुर्ची न्या. दरीकडच्या कठड्यावर कुणीही बसायचं नाही. माणशी दीड लिटर पाणी आणि दशम्या-चटणी पुरे, पण डबा पिशवीतच ठेवा; घाटातली माकडं हातातलं ओढतात. स्वच्छतागृह खोपोलीतच उरकून घ्या.

प्रश्न : मुलीला सायकलपटूंना पाण्याची बाटली द्यायची आहे. चालेल का?

उत्तर : नको. पाणी-खाणं कुठे आणि कुणी द्यायचं हे आयोजक ठरवतात. चढावर दमलेल्याला मागून ढकलणंही नको. दया तुम्ही दाखवता, कारवाई त्याच्यावर होऊ शकते. तिला टाळ्या वाजवू दे, नंबर वाचून ओरडू दे.

प्रश्न : पहिले गेले की रस्ता ओलांडता येतो ना?

उत्तर : सगळ्यांत जास्त घोटाळा इथेच होतो. आघाडीवाल्यांमागे पंचांच्या मोटारसायकली, संघांच्या गाड्या, मग दुसरा घोळका असतो; मधे दोन-तीन मिनिटं रस्ता मोकळा वाटतो. शेवटचा स्पर्धक अर्ध्या तासानेही येऊ शकतो. त्याच्यामागची शेवटची अधिकृत गाडी आणि रुग्णवाहिका पुढे गेल्यावरच रस्त्यावर पाय ठेवा. परतीची रिक्षा लगेच मिळेल या भरवशावर राहू नका; येतानाच तिचं ठरवून ठेवा.