डोंगरावर वारा मोजणारा एकच मास्ट (उंच खांब) आहे. संगणकावरच्या सिम्युलेशनवर भरवसा ठेवून बाकी पवनचक्क्यांच्या जागा ठरवता येतील का?

मी बरीच वर्षं हेच काम करतोय. डोंगर सौम्य चढाचा असेल तर ठरवता येतील. उतार तीव्र असतील तर आधी दुसरा मास्ट उभा करा, असंच मी सांगेन.

सिम्युलेशन वाऱ्याचा वेग सांगतं, हाच मुळात गैरसमज आहे. ते गुणोत्तर सांगतं: मास्टपाशी जेवढा वारा आहे, त्याच्या किती पट पलीकडच्या माथ्यावर असेल. खरा वेग मास्टच्या नोंदींतूनच येतो. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेग 10 टक्के जास्त धरला तर शक्ती 33 टक्के जास्त दिसते. (वीज तेवढी वाढत नाही, कारण चक्की पूर्ण क्षमतेला पोचली की तिची वीज वाढायची थांबते. तरीही प्रकल्पाचं गणित कोलमडायला एवढं पुरतं.)

1987 पासून वापरात असलेल्या वॉस्प या संगणक प्रोग्रामसारख्या रेषीय (सोप्या समीकरणांच्या) मॉडेलमध्ये वारा जमिनीला धरूनच वाहतो असं गृहीत असतं. उतार साधारण 30 टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे 17 अंशांच्या पुढे गेला की माथा ओलांडताना वारा जमीन सोडतो आणि मागे भोवरा धरतो. वरून वाहणाऱ्या वाऱ्याला मग डोंगर आणि भोवरा मिळून एकच सौम्य उंचवटा भासतो. मॉडेलला भोवरा कळतच नाही, म्हणून ते माथ्यावरचा वेग फुगवून सांगतं.

सीएफडीत, म्हणजे हवेच्या प्रवाहाची पूर्ण समीकरणं संगणकावर सोडवणाऱ्या सिम्युलेशनमध्ये, भोवरा दिसतो, पण गणिताची जाळी कड्यापाशी विरळ असेल तर कड्याची धारच बोथट होते. डेन्मार्कमधल्या बोलुंड या जेमतेम 12 मीटर उंच, एका बाजूला उभा कडा असलेल्या टेकाडावर 2007-08 मध्ये वारा मोजला गेला. मोजमापं न दाखवता अनेक गटांकडून अंदाज मागवले, तर त्यांच्यात मोठी तफावत निघाली. मला ही चाचणी फार मोलाची वाटते, कारण उत्तर आधी माहीत असलं की मॉडेल हवं तसं जुळवून घेता येतं.

बोलुंड बुटकं असल्यामुळे तिथे हवेच्या थरांच्या तापमानाचा फारसा प्रश्न आला नाही. मोठ्या डोंगरात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि जड होते. डोंगर चढण्याऐवजी ती वळसा घालते, खिंडीतून निसटते, नाहीतर माथा ओलांडून पलीकडच्या उतारावर झेपावते. दिवसा तापलेली हवा सहज वर चढते. म्हणजे एकाच माथ्याचं दिवसाचं गुणोत्तर वेगळं, रात्रीचं वेगळं. नेहमीच्या सिम्युलेशनमध्ये मात्र हवा तटस्थ धरतात, म्हणजे तापमानामुळे ती वरही चढत नाही आणि खालीही दबत नाही असं मानतात. एका कामात आमच्याकडे दोन मास्ट होते. वर्षाची सरासरी छान जुळली, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. मग दिवस आणि रात्र वेगळी काढली, तर दिवसा अंदाज कमी पडत होता, रात्री जास्त, आणि दोन्ही चुका एकमेकींना झाकत होत्या. तिसऱ्या जागी त्या तशाच झाकल्या जातील याची काहीच खात्री नव्हती.

म्हणून दुसरा मास्ट पहिल्यापेक्षा वेगळ्या उंचीवर, वेगळ्या उतारावर घ्या. पहिल्यावरून दुसऱ्याचा वारा काढा, मग दुसऱ्यावरून पहिल्याचा, तोही दिशेनुसार आणि दिवस-रात्र वेगळी ठेवून. मास्ट परवडत नसेल तर लिडार, म्हणजे लेझर किरणांनी वारा मोजणारं यंत्र, चालेल. फक्त, जमिनीवरचा लिडार आपल्या किरणांच्या घेऱ्यात वारा सगळीकडे सारखाच आहे असं मानतो, आणि डोंगरात तसं नसतं. त्याच्या आकड्यांना दुरुस्ती लागते, ती पुन्हा सिम्युलेशनमधूनच येते.