मांडे जाड करू का?

प्रश्न : काकू, मी बेळगावच्या वडगावात राहते. सासूबाई चाळीस वर्षं मांडे करतात. लग्नसराईत चूल विझत नाही, आषाढ लागला की हात रिकामे. आता टिळकवाडीत, काँग्रेस रोडला नवे कॅफे झालेत. त्यांतल्या एकाने मांडे मागितले, पण म्हणतो, "जरा जाड आणि लहान करा, म्हणजे फुटणार नाहीत." काय करू?
– एक सून, वडगाव

उत्तर : सूनबाई, जाड करू नका. बाकीचं नाही ऐकलंत तरी चालेल, एवढं ऐका.

लहानपणी शहापुरात आमच्या शेजारी मांडे व्हायचे. मी दाराच्या चौकटीला टेकून तासन्‌तास बघत बसायची. आत पिठीसाखर, खसखस आणि वेलदोडा भरून पोळी लाटायची, मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवत राहायची. मनगटापासून कोपरापर्यंत ती पसरत जायची, आणि पलीकडचा जाळ तिच्यातून दिसायला लागला की पालथ्या खापरावर पडायची. लगेच कालथ्याने घडी. जरा उशीर झाला की कडक होऊन घडीतच मोडायची. हा सगळा जीव पातळपणात आहे. जाड केलात तर ती साखरपोळी होईल, आणि साखरपोळी कुठेही मिळते.

(संत मुक्ताबाईंना खापर मिळू दिलं नाही, तेव्हा ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले, ही गोष्ट तुमच्या सासूबाईंनी सांगितलीच असेल. तुमचं खापर तडकलं तर खानापूरच्या कुंभारांकडे चौकशी करा. तिथे मातीकामाची परंपरा आहे, केंद्र सरकारची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथेच आहे.)

कॅफेला नाही म्हणू नका, पण अटी तुमच्या घाला. माझ्या बहिणीने एका दुकानात मांडे ठेवले होते. त्यांनी ते काचेच्या थंड कपाटात श्रीखंडाशेजारी मांडले. तिसऱ्या दिवशी सगळे मऊ, आणि वर हिशेबात फुटीचे पैसेही कापले. ती रडत घरी आली होती. म्हणून आधी पैसे, मग माल. ठेवायचे ते कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात. एकदा हातात दिल्यावर फूट त्यांची.

आणि फुटलेल्यांची लाज कशाला? आम्ही घरी चुरलेला मांडा वाटीत घेऊन वर गरम दूध आणि चमचाभर तूप घालायचो. कॅफेवाल्याला हेच सांगा. संध्याकाळी कॉलेजची पोरं एक वाटी मांडा-दूध का घेणार नाहीत? पहिल्या दिवशी सासूबाईंनी स्वतः जाऊन एक वाटी करून दाखवावी.

घरी न्यायला दोन मांड्यांचा चपटा पुठ्ठ्याचा डबा करा. पंचवीसची टोपली लग्नाच्या शिदोरीला शोभते, चवीपुरतं घेणाऱ्याला नाही. डब्यावर केल्याची तारीख, आणि कसा खायचा ते मराठीत आणि कन्नडमध्येही लिहा. तुमचं अर्धं गिऱ्हाईक कन्नड बोलतं. अन्नसुरक्षेची नोंदणी तेवढी करून घ्या.

दुधाचा कुंदा पाव किलो बांधून गाडीत टाकता येतो, म्हणून बेळगाव म्हटलं की बाहेरच्यांना तोच आठवतो. मांडा आधी डोळ्यांनी बघावा लागतो. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूरला मराठी साहित्य संमेलनं भरतात, गावंच्या गावं लोटतात, माहेरवाशिणी येतात. आयोजकांना विचारून तिथे चूल मांडा. हातावर फिरणारी पोळी बघितल्यावर रिकाम्या हाताने कोण जाईल? शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र आणि गणपती विसर्जन मात्र सोडा. त्या रेट्यात मांड्यांचा चुरा होईल, आणि रात्रभर उभ्या माणसाला गरम भजी हवी असतात.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत. तुम्हाला मांडे येतात का? सासूबाईंचा हात चालतोय तोवर, याच आषाढात, दुपारच्या वेळी त्यांच्याशेजारी बसा. पहिले वीस-पंचवीस कोपरापर्यंत यायच्या आत फाटतील. ते दूध घालून घरीच खा.