पेपर आला नाही की सकाळ अर्धवट का वाटते?

प्रश्न : चार दिवस आमच्याकडे पेपर आला नाही. बातम्या मोबाईलवर होत्याच, तरी वडील सकाळभर नुसते येरझाऱ्या घालत होते आणि मलाही चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं. मुलगा म्हणतो ही नुसती सवय आहे, बंदच करून टाका. खरंच नुसती सवय आहे का?

उत्तर : सवय आहेच, पण त्यातला 'नुसती' हा शब्द मला पटत नाही. १९४५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये पेपर पोचवणाऱ्या कामगारांनी संप केला आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस बहुतेक मोठे पेपर घरोघरी पोचेचनात. लोक थेट पेपरच्या ऑफिसबाहेर रांगा लावून अंक घ्यायला लागले, महापौर ला गार्डिया यांनी तर रेडिओवरून मुलांना कॉमिक्स वाचून दाखवली. त्याच दिवसांत बर्नार्ड बेरेल्सन नावाच्या संशोधकाने लोकांना बसवून विचारलं की पेपर नाही म्हणजे तुमचं नेमकं काय अडलंय? जगात काय चाललंय ते कळत नाही, असं बहुतेकांनी सांगितलं, पण मग कुठली बातमी हुकली असं खोदून विचारलं की बऱ्याच जणांना धड सांगता येईना. खरं अडलं होतं ते वेगळंच. रेडिओचे कार्यक्रम कधी ते कळत नव्हतं, सिनेमाच्या वेळा कळत नव्हत्या, ओळखीचं कोणी गेलं तरी पत्ता लागत नव्हता, चार माणसांत बोलायला विषय नव्हता, आणि रोजचा तो स्वतःचा थोडा निवांत वेळ गेला होता. काहीजण हाताला लागेल ते जुनंपानं वाचत बसले होते. आणि लक्षात घ्या, तेव्हा रेडिओवर बातम्या चालूच होत्या, म्हणजे आज तुमच्या घरात मोबाईल आहे तसंच की!

त्यामुळे वडिलांच्या येरझाऱ्या मला अगदी समजतात. पेपर संपतो, ही मला त्याची फार मोठी गोष्ट वाटते. शेवटचं पान उलटलं की आजचं वाचून झालं, आता उठायचं, असं मनाला कळतं, मोबाईलवर ते कळतच नाही, बोट सरकत राहतं आणि तास जातो. दुसरं म्हणजे आपण कधी शोधली नसती अशी बातमी शेजारच्या कॉलममध्ये येऊन बसलेली असते, क्रिकेट वाचता वाचता नजर पाणीटंचाईवर जाते. मोबाईल बहुतेक वेळा आपल्याला जे आवडतं तेच पुन्हा पुन्हा पुढे करतो. आणि एकाच अंकाची पानं घरातले तिघे-चौघे वाटून घेतात, मग "हे वाचलंस का?" म्हणून बोलणं निघतं. मुलाला एवढंच सांगा की बंद करायच्या आधी एक आठवडा आजोबांबरोबर बसून वाच, एक पान त्यांनी, एक पान तू.

प्रश्न : मला वेळ नसतो, मी फक्त हेडलाईन्स वाचते. तेवढं पुरतं का?

उत्तर : नाही पुरत, असं मी स्पष्टच सांगेन. बरेचदा मथळा बातमीदार देतच नाही, डेस्कवरचा उपसंपादक देतो, तोही ठरलेल्या जागेत बसवायचा म्हणून चार-पाच शब्दांत, मग "असा आरोप आहे" किंवा "अशी शक्यता आहे" हे गळून जातं आणि आपल्या डोक्यात आरोपच खरा होऊन बसतो. पण बातमी बहुधा उलट्या पिरॅमिडसारखी लिहिलेली असते, सगळ्यात महत्त्वाचं वर आणि तपशील खाली, जागा कमी पडली तर खालून कापता यावी म्हणून. त्यामुळे पहिले दोन परिच्छेद वाचले तरी गाभा हाताला लागतो. हे कोण सांगतंय तेवढं बघाच, पोलीस की वकील की "सूत्रांनी" सांगितलं.

अग्रलेख हे मत असतं, बातमी नव्हे. आणि बातमीसारखी दिसणारी जाहिरात आली तर कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं लिहिलंय का ते शोधा. जो पेपर आपली चूक झाली की दुरुस्ती छापतो त्याच्यावर माझा विश्वास जास्त बसतो, कारण छापलेलं गुपचूप बदलता येत नाही, चूक आणि दुरुस्ती दोन्ही लोकांच्या हातात राहतात.

प्रश्न : आईने जपलेली कात्रणं पिवळी पडून तुटायला लागलीत. काय करू?

उत्तर : पेपरचा कागद बराचसा लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यात लिग्निन नावाचं लाकडातलंच एक द्रव्य राहतं, उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं आणि कागदात तयार होणाऱ्या आम्लाने तो ठिसूळ होतो. आधी चांगले स्कॅन किंवा फोटो काढून ठेवा. मूळ कात्रणं आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात सपाट, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत निघत नाही. कात्रण कापताना तारीख आणि पेपरचं नाव बहुतेक वेळा बाहेर राहून जातं, म्हणून आईला ते आठवत असेल तर आत्ताच शेजारी बसून विचारा, आणि हे तू का कापून ठेवलं होतंस तेही विचारून पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवा.