उत्स्फूर्त, हजरजबाबी की पदरचं?

ऐरोलीच्या एका वाचकाने विचारलंय: ‘थेट प्रक्षेपणात विनोदी कलाकार संहितेत नसलेलं बोलून कार्यक्रम सावरतो, त्या इम्प्रोव्हायझेशनला मराठीत काय म्हणायचं? उत्स्फूर्त की हजरजबाबी?’

आधी ठाण्यातला एक प्रसंग सांगतो. दिवाळी पहाटेचा कार्यक्रम, केबलवर थेट चाललेला. गायिका येऊन बसली, तबलजींचा पत्ता नाही. निवेदक नकला करणारा, माइक हातात, कॅमेरा तोंडावर. तो म्हणाला, ‘तबलजी तीन हात नाक्यावर आहेत. दोन हात त्यांचे, तिसरा हवालदाराचा.’ हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, ‘मग पेटी तरी वाजवा!’ हा लगेच, ‘पेटीवाले त्यांच्याच गाडीत आहेत!’

यातलं दुसरं वाक्य हजरजबाबी. या शब्दातच जबाब आहे, म्हणजे समोरून कुणीतरी काहीतरी टाकायला हवं. पहिलं वाक्य तसं नाही. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, समोर फक्त रिकामी वेळ होती. थेट प्रक्षेपणात ही रिकामी वेळच जास्त छळते, कारण ती कापून टाकता येत नाही.

उत्स्फूर्त चालेल, पण तो शब्द आता फार झिजलाय. प्रतिसाद उत्स्फूर्त, स्वागत उत्स्फूर्त, आणि आदल्या रात्री दमदाटी करून पाळायला लावलेला बंदही उत्स्फूर्तच! (लिहिताना त्यातला ‘त्’ गाळून ‘उस्फूर्त’ करू नका, एवढी विनंती.) शिवाय उत्स्फूर्त म्हणजे आपसूक उमटलेलं. निवेदकाचं तसं नव्हतं. त्याची एक नजर सारखी विंगेत होती, तबलजी आले का बघायला. ‘वेळ मारून नेली’ म्हणावं, तर त्यात थोडी लबाडी येते.

नाटकवाल्यांना विचाराल तर ते सरळ ‘ॲडिशन घेतली’ म्हणतात. समोरच्या नटाची पंचाईत झाली असेल तर हेच जरा दात-ओठ खाऊन म्हणतात. पण त्याआधीपासूनचा आपला शब्द आहे ‘पदरचं’. पदरची वाक्यं घालणं, पदरचं बोलणं. पदरमोडीतला पदर तो हाच: दुसऱ्याने दिलेलं नाही, स्वतःच्या गाठीचं काढून दिलेलं. मला हा शब्द सगळ्यात नेमका वाटतो.

आणि ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे, त्या विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या काळच्या त्यांच्या खेळांत पदं रचलेली असायची आणि ती सूत्रधार गायचा. मधलं गद्य पात्रांनी पदाच्या अनुरोधाने आपापलं बोलायचं. तमाशातल्या बतावणीत आणि वगात सोंगाड्याही तेच करत आला, वगाचं कथानक ठरलेलं आणि बोलणं त्या रात्रीचं. जिथे सगळंच पदरचं, तिथे त्याला वेगळं नाव द्यायची गरज कुणाला पडणार? छापील संहिता आली, तेव्हा कुठे ‘संहितेतलं’ आणि ‘पदरचं’ असे दोन ढीग झाले.

तेव्हा तुमच्या वाक्यात ‘त्याचं इम्प्रोव्हायझेशन कौशल्य दिसलं’ नको. ‘ऐनवेळी तो पदरचं बोलत राहिला’ लिहा. आणि प्रेक्षकाला उलट उत्तर दिलं असेल, तर तेवढ्यापुरतं हजरजबाबी ठेवा.