वाचकांचे प्रश्न : बलूनच्या क्रूमध्ये काम करताना

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या आल्बुकर्की शहरात दर ऑक्टोबरच्या सुरुवातीला नऊ दिवस हॉट एअर बलूनचा महोत्सव भरतो. १९७२ साली एका मॉलच्या पार्किंगमध्ये १३ बलून जमले होते, तिथून याची सुरुवात झाली. आता इथे शेकडो बलून येतात. टोपलीत पायलट असतो, पण जमिनीवर प्रत्येक बलूनमागे चार ते सहा जण राबतात. तो क्रू. या कामाबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत.

आम्ही दोघं डेन्व्हरला राहतो. यंदा क्रूमध्ये जायचं ठरवलं आहे, अनुभव शून्य. पहिल्या सकाळी नेमकं काय करावं लागतं?

पहाटे साडेचार-पाचला मैदानावर हजर राहा. सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि त्याआधीच सगळी जुळवाजुळव सुरू झालेली असते. काही बलून अंधारातच उडतात, त्यांना ‘डॉन पट्रोल’, म्हणजे पहाटेची गस्त, म्हणतात. कोणत्या उंचीवर वारा कुठे वाहतोय, हे बाकीच्या पायलटांना त्यांच्याकडे बघून कळतं. पायलट मीटिंगहून परत येईपर्यंत गाडीतून काहीही उतरवू नका. वारा जास्त असेल तर उड्डाण रद्द होतं आणि उघडलेलं सामान पुन्हा भरत बसावं लागतं.

परवानगी मिळाली की आधी जमिनीवर ताडपत्री अंथरायची. काटेकुटे, खडे, तारेचे तुकडे वेचून काढायचे. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण कापडाला भोकं पडतात ती बहुतेक इथेच. मग टोपली उतरवायची, चार कोपऱ्यांत दांडे बसवायचे, त्यांवर बर्नर चढवायचा. गॅसच्या नळ्या पायलट स्वतः जोडतो आणि बर्नर पेटवून बघतो. त्यानंतर टोपली आडवी करायची. तिचं तोंड ज्या दिशेला वारा वाहतोय त्या दिशेला हवं. पिशवीतलं कापड त्याच दिशेने ओढत नेऊन लांब पसरायचं. कापडाच्या पोलादी तारा टोपलीला कॅराबिनरने, म्हणजे कुलूप असलेल्या धातूच्या कडीने, अडकवतात. प्रत्येक कॅराबिनरचं फिरकीचं कुलूप बंद आहे ना, हे एकाने लावून दुसऱ्याने हाताने चाचपायचं. टोपलीपासून गाडीला एक दोर बांधलेला असतो. त्याच्या मध्ये झटक्यात सुटणारी कडी असते. तिला पायलटशिवाय कुणीही हात लावायचा नाही.

मग पेट्रोलवर चालणारा पंखा सुरू होतो. दोघं जण बलूनचं तोंड दोन बाजूंनी हात उंचावून उघडं धरतात. तुम्हाला बहुधा हेच काम मिळेल. तारांच्या बाहेर उभं राहा, तारेच्या वेढ्यात पाय अडकू देऊ नका. पंख्याचं पातं फिरतं त्या रेषेत, म्हणजे त्याच्या बरोबर बाजूला, कुणी उभं राहायचं नाही. पातं तुटलं तर तुकडे तिकडेच जातात. थंड हवेने कापड फुगायला पाच ते दहा मिनिटं लागतात. एवढ्यात कुणीतरी माथ्यावरच्या गोल झडपेचे, म्हणजे पॅराशूट व्हेंटचे, वेल्क्रोचे पट्टे चिकटवून येतो. बलून उभा राहिला की पायलट दोर ओढून ते सुटतात का, हे बघतो. ही तपासणी होत असताना त्याच्याशी बोलू नका.

पुढे बर्नर पेटतो. ज्वाळा काही मीटर लांब असते आणि आवाज कानठळ्या बसवणारा. पहिल्यांदा दचकून तोंड सोडून देणारे बरेच असतात. तोंड मिटलं की ज्वाळा कापडावर जाते आणि तळाचे कापडाचे दोन-तीन तुकडे जळतात. म्हणून चेहरा वळवा, पण हात खाली आणू नका. इथे या महोत्सवात प्रेक्षकांना मैदानात मोकळं फिरता येतं. लोक फोटो काढता काढता कापडावर पाय देतात, त्यांना गोड बोलून बाजूला करणं हेही क्रूचंच काम. शेवटी काळे-पांढरे पट्टे घातलेले लाँच डायरेक्टर, ज्यांना सगळे ‘झेब्रा’ म्हणतात, ते आजूबाजूचं आणि डोक्यावरचं आकाश मोकळं बघून उड्डाणाची खूण करतात.

कपडे कोणते घालू? जॅकेट पॉलिस्टरचं चालेल का?

नाही. नायलॉन, पॉलिस्टर आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं. सुती किंवा लोकरीचे कपडे थरावर थर घाला. पहाटे ४-५ अंश असतं आणि दहा वाजता शर्टावर यावं लागतं. हातमोजे चामड्याचे, बूट बंद, केस बांधलेले. ओढणी, स्कार्फ, लोंबते दागिने गाडीत ठेवा. पाणी भरपूर प्या, हवा कोरडी आहे आणि शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचावर आहे.

माझं वजन ८५ किलो, व्यायामाची सवय आहे. माथ्याचा दोर मला द्या म्हणून सांगणार आहे. वारा आला तर असे किती जण बलून धरून ठेवू शकतात?

या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घ्या, कारण क्रूमधल्या गंभीर दुखापती इथेच होतात.

साधारण तीन-चार माणसं नेणाऱ्या बलूनमध्ये ७७,००० घनफूट, म्हणजे सुमारे २,२०० घनमीटर हवा मावते. आल्बुकर्कीच्या उंचीवर १०० अंशांपर्यंत तापलेल्या एवढ्या हवेचं वस्तुमान पावणेदोन टनांच्या आसपास भरतं. त्यात कापड, टोपली, सिलिंडर आणि माणसं मिळवली की एकूण दोन टनांच्या वर जातं. तरंगत असल्यामुळे बलून हलका वाटतो, एका बोटाने ढकलता येतो. पण एकदा सरकू लागला की तो दोन टनांच्या गाडीसारखाच सरकतो, आणि त्याला ब्रेक नाही. पाच पैलवान लटकले तरी तो थांबत नाही. म्हणून टोपली आणि गाडी, टोपली आणि कुंपण यांच्यामध्ये कधीही उभं राहू नका.

माथ्याच्या दोराला क्राउन लाइन म्हणतात. तो जवळपास ३० मीटर लांब असतो. कापड गरम हवेने उठताना दोर धरणाऱ्याने मागे रेलून त्याला ताण द्यायचा आणि बलून वर येईल तसं तोल सांभाळत पुढे चालत जायचं. ताण ठेवला नाही तर बलून झपकन उभा राहतो, पलीकडे झुकतो आणि टोपली ओढली जाते. या कामाला जड माणूस बरा हे खरं. पण दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही, गाठ मारायची नाही, पायाशी वेटोळं पडू द्यायचं नाही. आणि टाचा जमिनीवरून सुटल्या की त्याच क्षणी दोर सोडायचा. अर्ध्या मीटरवर सोडला तर पाय मुरगळेल. ‘आता सोडतो, मग सोडतो’ करत राहिलात तर खाली बघेपर्यंत दहा मीटर झालेले असतात. टोपलीच्या कडेलाही हाच नियम.

पायलट ‘वेट ऑन’ म्हणाला की टोपलीच्या कडेवर अंग टाकायचं. ‘हँड्स ऑफ’ म्हणाला की हात उचलायचे, पण जवळच थांबायचं, कारण तो तोल अजमावत असतो. आज्ञा एकट्या पायलटची. शेजारच्या बलूनचा पायलट ओरडला म्हणून हात उचलणारे नवखे दर वर्षी दिसतात, तेव्हा आपल्या पायलटच्या चेहऱ्याकडे बघत राहा.

आणखी एक. वारा असताना उभ्या बलूनच्या माथ्यावरून हवा वेगाने जाते आणि त्याला वरचा फसवा जोर मिळतो. सोडल्यावर बलून वाऱ्याबरोबर चालू लागला की तो जोर संपतो आणि बलून पुन्हा खाली येतो, तोही समोरच्या गर्दीवर. म्हणून वारा जातो त्या बाजूची जागा आधीच रिकामी करायची.

उंचावर हवा विरळ, मग बलून कमी वजन उचलतो का? आणि बलून निघाला तिथेच परत येतो असं ऐकलं, ते कसं? – नाशिकचे एक वाचक

हो, कमी उचलतो. पहाटे ५ अंश तापमान धरलं तर हाच ७७,००० घनफुटांचा बलून समुद्रकिनारी सुमारे ७०० किलो उचलेल, आल्बुकर्कीत सुमारे ५९०. म्हणजे एक-दीड माणूस कमी. तुमच्या जिल्ह्याशी याचा जवळचा संबंध आहे. २६ नोव्हेंबर २००५ रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून उडाले, २१,०२७ मीटरपर्यंत चढले आणि सिन्नरजवळ पांचाळे इथे उतरले. एवढ्या उंचीवरच्या विरळ हवेसाठी त्यांचा बलून १६ लाख घनफुटांचा होता.

परत येण्याला तिथे ‘बॉक्स’ म्हणतात. रात्री थंड झालेली जड हवा रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरते. त्याच वेळी वरच्या थरात वारा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत असेल, तर पायलट खालून दक्षिणेला जातो, चढतो आणि वरून मागे येतो. ऊन तापलं की खालचा प्रवाह मोडतो. रोज जमेलच असं नाही, पण जमिनीवरून बलूनमागे जाणाऱ्या पाठलागाच्या गाडीने बलून दिसेनासा झाला म्हणून सुसाट निघू नये. तो डोक्यावरून परत येत असू शकतो.

मुलगा यंदा क्रूमध्ये जातोय. बलूनचा गॅस आपल्या घरच्या सिलिंडरसारखाच असतो का? भीती वाटते. – ठाण्याच्या एक वाचक

जातकुळी तीच, पण वापर वेगळा. घरचा सिलिंडर १४.२ किलोचा आणि शेगडीला वरची वाफ मिळते. बलूनच्या नेहमीच्या सिलिंडरमध्ये सुमारे १९-२० किलो प्रोपेन असतो आणि बर्नरला तळाचा द्रवच जातो, म्हणून एवढी मोठी ज्वाळा. तासाला २५-३० किलो सहज जळतो. हा द्रव उणे ४२ अंशांना उकळतो. जोडणीतून फवारा उडाला तर भाजतं तसंच, पण थंडीने. हातमोजे घालूनच नळ्यांजवळ जायचं. वास ओळखीचाच आहे. वास आला की ‘गॅस’ असं मोठ्याने ओरडायचं, स्वतः व्हॉल्व्ह शोधत बसायचं नाही. गॅस भरण्याच्या जागी मोबाइल गाडीत, सिगारेट अर्थातच नाही. मुलाला हे माहीत असेल तर तुम्ही निर्धास्त राहा.

पाठलाग आणि उतरण्याच्या वेळी क्रूने काय करायचं?

निघण्याआधी गाडीची किल्ली कुणाकडे आहे ते बघा. पायलटच्या खिशात किल्ली गेली आणि गाडी मैदानात अडकली, असं खरंच होतं. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने नकाशा आणि रेडिओ सांभाळायचा. चालवणाऱ्याने वर बघायचं नाही.

कुणाच्याही शेतात, अंगणात शिरण्याआधी मालकाची परवानगी घ्या, फाटक उघडलं तर बंद करा, घोडे असतील तर लांबून जा. टोपली टेकताना ती वाऱ्याच्या दिशेने फरफटू शकते, तेव्हा तिच्या पुढे नाही, बाजूने जा आणि पायलटने बोलावल्यावरच कड धरा.

विजेच्या तारांबद्दल मात्र काहीही सवलत नाही. पायलटला तारा दिसल्या असतील असं गृहीत धरू नका, रेडिओवर सांगा. बलून तारेला लागला तर टोपलीला, दोराला, कापडाला स्पर्श करायचा नाही. आत माणसं असली तरी नाही. वीज कंपनीने प्रवाह बंद केल्याचं सांगेपर्यंत लांब थांबायचं आणि इतरांना थांबवायचं. २६ जून २०२१ रोजी याच शहरात एक बलून तारांवर आदळून पाच जणांचा जीव गेला. तेव्हा महोत्सव नव्हता, सकाळ साधीच होती.

बलून घडी घालून ठेवताना काही विशेष?

घडी घालत नाहीत, कोंबतात. क्राउन लाइन ओढून बलून मोकळ्या बाजूला पाडायचा, तोंडापासून माथ्याकडे कवेत आवळत हवा काढायची आणि लांब वळकटी पिशवीत भरायची. वर बसून दाबलं की उरलेली हवा जाते. दंव लागलेलं कापड तसंच ठेवलं तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. ओलं असेल तर पायलटला आठवण करा, म्हणजे दुपारी वारा नसताना पुन्हा पसरता येईल.

इतकं राबून आम्हाला उडायला मिळतं का?

मिळू शकतं, पण ठरलेलं नसतं. टोपलीतली जागा, गॅस आणि त्या दिवशीचं वजन पायलट बघतो. बरेच पायलट आठवडाभर रोज पहाटे वेळेवर आलेल्या माणसाला शेवटच्या दिवसांत वर नेतात. विचारायचंच असेल तर पिशवीची चेन लावून झाल्यावर विचारा.