पहिले पान

अनेक आशीर्वाद.

'एन बांक' म्हणजे मोठ्या पीठापुढच्या पुनर्सुनावणीच्या अर्जाचा तुझा मसुदा दोनदा वाचला. मेहनत दिसते, पण बहुतेक पाने त्रिसदस्यीय खंडपीठाने पुरावा कसा चुकीचा वाचला यावर खर्ची पडली आहेत आणि हे प्रकरण मोठ्या पीठाने पुन्हा का ऐकावे, हे शेवटच्या परिच्छेदात येते. नियमानुसार ते निवेदन अर्जाच्या अगदी आरंभी हवे.

मुंबई उच्च न्यायालयातल्या पूर्णपीठाची सवय इथे बाजूला ठेव. आपल्याकडे दोन खंडपीठांची मते जुळली नाहीत की न्यायाधीशच तो प्रश्न मुख्य न्यायमूर्तींपुढे ठेवतात. अमेरिकेच्या फेडरल अपील न्यायालयात पक्षकाराला अर्ज करता येतो, पण एखाद्या न्यायाधीशाने मागणी केल्याशिवाय मतदानही होत नाही, आणि कार्यरत न्यायाधीशांचे बहुमत मिळाले तरच प्रकरण पुढे जाते. तुझे प्रकरण नवव्या सर्किटमधले, म्हणजे अशाच एका विभागीय फेडरल अपील न्यायालयातले आहे. तिथे न्यायाधीशांची २९ पदे असल्यामुळे सर्वजण एकत्र बसत नाहीत, मुख्य न्यायाधीश आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेले दहा जण, असे अकरा जणांचे पीठ बसते.

म्हणजे तुझा पहिला वाचक हे प्रकरण कधीही न ऐकलेला न्यायाधीश आहे. तुझ्या अशिलावर अन्याय झाला, एवढ्याने तो मतदान मागणार नाही. नवा निकाल याच न्यायालयाच्या, सर्वोच्च न्यायालयाच्या किंवा दुसऱ्या सर्किटच्या कोणत्या निकालाशी नेमका कुठे विसंगत आहे, किंवा प्रश्न अपवादात्मक महत्त्वाचा का आहे, हे त्याला पहिल्याच पानावर दिसले पाहिजे. तुझ्या मसुद्याच्या तळटीपेत अशी एक विसंगती दडलेली आहे: खंडपीठाने आधीच्या खंडपीठाचा निकाल प्रत्यक्षात बाजूला सारला आहे, आणि तो अधिकार त्याला नाही. अर्जाचा कणा तोच आहे. ती टीप वर आण. शब्दांची मर्यादा मग अपुरी वाटणार नाही.

अशिलाला खरे सांग, कारण असे अर्ज क्वचितच मंजूर होतात. मुदतीत केलेल्या अर्जामुळे सर्वोच्च न्यायालयात जाण्याची ९० दिवसांची मुदत अर्ज नाकारल्यापासून मोजली जाते, पण केवळ तेवढा अवधी मिळवण्यासाठी अर्ज करणे मला मान्य नाही.

सरकार पक्षकार नसल्याने तुझ्याकडे निकालापासून १४ दिवसच आहेत, आणि त्यांतले सहा गेले. नवे पहिले पान लिहून झाले की तेवढेच आधी पाठव.