लेकीला फेडरल जज व्हायचंय, परीक्षा कोणती?

(न्यू जर्सीतले एक वडील लिहितात: अकरावीतली मुलगी फेडरल जज, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयातली न्यायाधीश, व्हायचं म्हणतेय. महाराष्ट्रात एमपीएससीतून न्यायाधीश होतात, तशी इथली परीक्षा कोणती? क्लास आत्तापासून लावावा का? पगार किती?)

नमस्कार,

परीक्षा नाहीच. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजुरी देते आणि वर्तन नीट असेल तोवर, म्हणजे बहुधा आयुष्यभर, पद राहतं. गंमत म्हणजे राज्यघटनेत या पदासाठी वयाची अट नाही, कायद्याच्या पदवीचीही नाही. पण नाव पुढे येतं ते वकिलीत बरीच वर्षं घालवलेल्यांचं, आणि जिल्हा कोर्टासाठी, म्हणजे फेडरल खटले आधी चालतात त्या कोर्टासाठी, प्रथेनुसार आपल्या राज्याचे सिनेटर अनुकूल असावे लागतात. थोडक्यात, जज व्हायचं ठरवून कुणी होत नाही. उत्तम वकील व्हायचं मात्र ठरवता येतं, आणि नेमणूक कधीच आली नाही तरी ते आयुष्य तिला आवडेल का, हे आधी तिला विचारा.

चार वर्षं कुठल्याही विषयाची पदवी, तीन वर्षं लॉ स्कूल, मग वकिलीच्या परवान्याची बार परीक्षा. त्यानंतरची एक-दोन वर्षं मला सर्वांत मोलाची वाटतात: एखाद्या जजची लॉ क्लार्क म्हणून. दोन्ही बाजूंचे ब्रीफ, म्हणजे लेखी युक्तिवाद, वाचायचे, जुने निकाल धुंडाळायचे, निकालपत्राचा कच्चा मसुदा लिहायचा. चंदीगडला जन्मलेले श्रीनिवासन (पहिलं नावच ‘श्री’) असेच सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांच्याकडे लॉ क्लार्क होते. 2013 मध्ये वॉशिंग्टनच्या फेडरल अपील कोर्टाचे जज म्हणून सिनेटने त्यांना 97 विरुद्ध 0 मतांनी मंजुरी दिली.

पुढे वाटा फुटतात. गुगलविरुद्धचा 2024 मधला मक्तेदारीचा निकाल देणारे अमित मेहता आधी वॉशिंग्टनमध्ये गरीब आरोपींचे सरकारी बचाव वकील होते; शिकागोचे जज मनीष शाह आधी सरकारी वकील, म्हणजे आरोपीविरुद्ध खटला चालवणाऱ्या बाजूचे. अर्ज करून मिळणारं एक पदही आहे: मॅजिस्ट्रेट जज, मुदत आठ वर्षं, निवड जिल्हा कोर्टाचे जजच करतात. तुमच्याच राज्यातले झाहिद कुरेशी 2019 ला मॅजिस्ट्रेट जज झाले आणि 2021 ला जिल्हा जज.

पगार 2024 मध्ये जिल्हा जजला 2,43,300 डॉलर होता. न्यूयॉर्कच्या बड्या फर्म त्याच वर्षी कालपरवा पास झालेल्या वकिलाला 2,25,000 देत होत्या, तेव्हा पैशासाठी हे करू नये.

बंधनंही आहेत. राजकीय पक्षाला देणगी द्यायची नाही; मंडळाच्या गणपतीला आरतीला यावं, पण वर्गणी मागत फिरता येणार नाही. धोकाही खरा आहे. 2020 मध्ये न्यू जर्सीतच जज एस्थर सालास यांच्या घरी हल्लेखोर आला आणि त्यांचा तरुण मुलगा मारला गेला.

आत्ता एवढंच करा. शाळेला सुट्टी असेल तेव्हा तिला नेवार्कच्या फेडरल कोर्टात शिक्षा सुनावण्याच्या सुनावणीला न्या; ती सहसा सर्वांना खुली असते. शिक्षा ठोठावण्याआधी जजने आरोपीला बोलायची संधी द्यावीच लागते. तो बोलत असताना तिचं लक्ष कुठे आहे ते बघा. वक्तृत्व स्पर्धांपेक्षा लिहिण्यावर भर द्या, कारण या कामात लिहिणंच जास्त आहे. आणि क्लास? लॉ स्कूलच्या प्रवेशाची एलसॅट परीक्षा असते, तिचा विचार कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी केला तरी चालेल.